ताकदीची कॅप्सूल

बीबीतल्या माझ्या मेडिकलवर सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार तापाची नाही, खोकल्याची नाही, थकव्याची आहे. 'भाऊ, अंगात काही राह्यलंच नाही.' 'चार पायऱ्या चढल्या की पोटऱ्या भरून येतात.' 'जेवल्यावर उठावंसंच वाटत नाही.' मेहकर-सिंदखेडराजा रस्त्यावरचं आमचं गाव लोणार तालुक्यात मोडतं. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं बाजाराला आणि दवाखान्याला इथे येतात आणि परतताना मेडिकलची पायरी चढतात. मागणी ठरलेली: ताकदीच्या गोळ्या, लाल टॉनिक, फारच झालं तर 'डॉक्टरला सांगा ना, एक सलाईन लावून द्या'. गेल्या काही वर्षांत त्यात एका नव्या नावाची भर पडली. क्यू-टेन. पूर्ण नाव कोएन्झाइम क्यू-१०.

इथे ते आलं चिठ्ठीवरून. मूल राहत नाही म्हणून जालन्याला नाहीतर संभाजीनगरला खेटे घालणारी जोडपी असतात. बाईच्या चिठ्ठीत ही कॅप्सूल, नवऱ्याच्या चिठ्ठीतही हीच, कार्निटिन, लायकोपीन आणि झिंकसोबत. पुढे ती अर्धशिशीच्या चिठ्ठीत मॅग्नेशियमच्या शेजारी दिसायला लागली, मग हृदयाच्या पेशंटच्या चिठ्ठीत. तोवर निदान कुणीतरी डॉक्टर तिच्यामागे उभा असायचा. आता ती कुरियरने येते. पुण्याला कंपनीत असलेला मुलगा मोबाइलवर मागवतो आणि परस्पर घरच्या पत्त्यावर धाडतो. डब्यावर पांढऱ्या केसांचं, पळायचे बूट घातलेलं हसरं जोडपं. आणि आमच्याकडचं जोडपं तो डबा पिशवीत घालून माझ्याकडे येतं. 'पोरानं पाठवला. पाहा बरं, चालंल का?'

डबा माझ्याकडून घेतलेला नसतो, बिल माझं नसतं. पण 'जिथून घेतला तिथे विचारा' असं खेड्यातल्या मेडिकलवाल्याला म्हणता येत नाही. म्हटलं तर उद्या बीपीची गोळीसुद्धा दुसरीकडून जाईल, हा हिशेब आहेच. शिवाय खरं सांगायचं तर मला असे डबे वाचायला आवडतं.

एका निवृत्त गुरुजींचा डबा चांगला लक्षात आहे. गुरुजी गणिताचे. डब्याच्या दर्शनी बाजूला ठळक अक्षरांत २०० मिलिग्रॅम. मी डबा फिरवला आणि मागचा बारीक अक्षरांचा चौकोन त्यांच्यासमोर धरला. एका वेळचं प्रमाण: दोन कॅप्सूल. म्हणजे एका कॅप्सूलमध्ये शंभरच. डब्यात साठ. 'अच्छा, म्हणजे पोरगा दोन महिन्यांचा म्हणतो तो डबा महिनाभराचाच आहे,' गुरुजींनी जागच्या जागी हिशेब केला. यात फसवणूक म्हणावी असं काही नव्हतं. सगळं छापलेलं होतं, फक्त वेगवेगळ्या बाजूंना. चौकोनाच्या खाली एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक आणि त्याच्याही खाली इंग्रजीत एक ओळ, औषधी वापरासाठी नाही म्हणून. गुरुजी तिथे अडले. 'औषध नाही, तर मेडिकलात कशाला ठेवता?'

प्रश्न बरोबर होता. २०१६च्या नियमांनी अशी हेल्थ सप्लिमेंट आणि न्यूट्रास्युटिकल अन्नाच्या कायद्याखाली घेतली. माझ्या एकाच रॅकमध्ये वरच्या फळीवर औषध आणि खालच्या फळीवर कायद्याने अन्न असलेली वस्तू असते. दोन्हींचं पाकीट सारखं, चमक सारखी. औषधाला बाजारात यायच्या आधी आपला गुण सिद्ध करावा लागतो. खालच्या फळीला थकवा घालवून दाखवावा लागत नाही. औषधांच्या किमतीवर सरकारचा चाप किती असतो हे औषधागणिक बदलतं, पण या डब्यांच्या किमतीवर तसा चाप नाही. शंभर मिलिग्रॅमची दहाची स्ट्रिप एका कंपनीची तीनशेला, दुसरीची सहाशेला, असा प्रकार मी रोज पाहतो.

गुरुजींचं समाधान झालं नाही. 'ते असो. पण हे पोटात जाऊन करतं काय?'

स्लॅबच्या दिवशी माणसं रांगेत उभी राहून मालाची घमेली हातोहात वर देतात, ते मी त्यांना सांगितलं. आपल्या पेशींत तंतुकणिका असतात, त्यांच्या आतल्या पडद्यात अशीच एक रांग आहे. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जातात, शेवटी ऑक्सिजनला मिळतात आणि त्या धावपळीतून पेशीला वापरता येईल अशी ऊर्जा, एटीपी, तयार होते. या रांगेतला मधला, पडद्यातून इकडून तिकडे सरकणारा गडी म्हणजे क्यू-टेन. तो आपलं शरीर स्वतःच तयार करतं, म्हणून त्याला जीवनसत्त्व म्हणत नाहीत. थोडा अन्नातूनही मिळतो: मांसातून, मासळीतून, आणि आपल्याकडच्या शेंगदाणा, तीळ, सोयाबीनच्या तेलातून. पण ते सारं मोजक्या मिलिग्रॅममध्ये. शंभरच्या कॅप्सूलची बरोबरी जेवणाने होत नाही.

गुरुजींना इतिहासही हवा होता. १९५७ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक क्रेन यांनी गुरांच्या हृदयातल्या तंतुकणिकांमधून हा पदार्थ पहिल्यांदा वेगळा केला. पुढच्याच वर्षी मर्क कंपनीतल्या कार्ल फोकर्स यांच्या गटाने त्याची रचना ठरवली. ऊर्जा नेमकी कशी साठते याचा उलगडा करणाऱ्या पीटर मिचेल यांना १९७८चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या मांडणीत या गड्याला मोठं काम आहे. जपानने १९७४मध्ये त्याला हृदयाच्या दुखण्यावरचं औषध म्हणून मान्यता दिली आणि २००१मध्ये तोच पदार्थ अन्न म्हणून विकायची मुभाही दिली. म्हणजे औषध की अन्न, हा गुरुजींचा गोंधळ जपान्यांनाही चुकला नाही.

वय वाढतं तसा शरीरातला क्यू-टेन कमी होतो, हे खरं आहे. ऐंशीच्या माणसाच्या हृदयात तो विशीच्या मानाने जवळपास निम्मा सापडतो. डब्यावरची सगळी जाहिरात या एका वाक्यावर उभी असते. पण कमी होतो म्हणून माणूस थकतो, की माणूस थकतो, पेशी कमी काम करतात म्हणून तो कमी लागतो, हे त्या वाक्यातून ठरत नाही. धडधाकट माणसाने कॅप्सूल घेतली आणि त्याचं म्हातारपण लांबलं, असं कुणी दाखवून दिलेलं नाही.

गुरुजींच्या मुलाने मात्र एक मुद्दा बरोबर पकडला होता. गुरुजी कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटॉर्वास्टॅटिन घेत होते आणि गोळी चालू झाल्यापासून मांड्या-पोटऱ्या दुखतात म्हणत होते. शरीरात कोलेस्टेरॉल आणि क्यू-टेन एकाच वाटेने तयार होतात. स्टॅटिन त्या वाटेच्या सुरुवातीलाच फाटक लावतं. त्यामुळे रक्तातला क्यू-टेन उतरतो, यावर वाद नाही. वाद पुढचा आहे. कॅप्सूल दिल्याने स्टॅटिनचं अंगदुखणं थांबतं का, याचे अभ्यास एकमेकांशी पटत नाहीत. काहींत उतार पडला, काहींत पोकळ, म्हणजे आत औषध नसलेली, कॅप्सूल घेणाऱ्यांनाही तेवढाच पडला. मी डी.फार्म. झालेला माणूस, निदान करणं माझं काम नाही. पण थायरॉइड मंद असेल किंवा व्हिटॅमिन डी फार कमी असेल तर स्टॅटिनवर स्नायू जास्त दुखतात, एवढं माहीत होतं. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना दुखण्याचं सांगा आणि थायरॉइड तपासायचं का विचारा, असं म्हणून त्यांना परत पाठवलं. टीएसएच वाढलेला निघाला. थायरॉइडची गोळी सुरू झाली. कॅप्सूलचा डबा गुरुजींनी तरीही संपवला. 'पोराचे पैसे गेलेत, टाकून कसा देऊ?' म्हणाले.

ज्यांच्यासाठी कुणी डबा पाठवत नाही, त्या बायांचं गणित निराळं असतं. सोयाबीन सोंगणीच्या, कापूस वेचणीच्या दिवसांत त्या संध्याकाळी येतात, हातात शंभराची नोट. अशाच एकीने शेजारणीकडची क्यू-टेनची रिकामी स्ट्रिप आणली होती. 'हीच द्या, तिला लय फरक पडला.' किंमत सांगितली. तिने दिवसभराच्या रोजापेक्षा जास्त आहे म्हणून मान हलवली, आणि तरीही पदराची गाठ सोडायला लागली. मी तिला खालची पापणी ओढून दाखवायला सांगितलं. पांढुरकी. नखंही तशीच.

घमेल्याच्या त्या रांगेत क्यू-टेन एकटा नाही. त्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या कित्येक जागांवर लोह आहे. शिवाय रांगेच्या टोकाला लागणारा ऑक्सिजन तिथपर्यंत आणणारं हिमोग्लोबिन, तेही लोहाचंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. आधीच्या फेरीत हाच आकडा ४८ टक्के होता. माल कालवणाराच नसेल तर वर एक गडी वाढवून स्लॅब पडत नाही. तिला मी सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासायला धाडलं. लोहाच्या गोळ्या तिथे फुकट मिळतात. चहाबरोबर घेऊ नको, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घे, शौच काळं झालं तर घाबरू नको, एवढं सांगितलं. त्या दिवशी तिने माझ्याकडून काहीच घेतलं नाही. धंद्याच्या दृष्टीने वाईटच, पण तिची सासू आता बीपीची गोळी माझ्याकडून नेते.

मधुमेहाच्या पेशंटचंही असंच. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्याचं बी-१२ उतरतं. त्यात शाकाहारी असेल तर विचारायलाच नको. पायाला मुंग्या, थकवा, विसरायला होणं. लोक याला वय झालं म्हणतात.

सलाईनबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण क्यू-टेनवरची श्रद्धा सलाईनच्याच घरातली आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये आमच्याच तालुक्यातल्या सोमठाण्याला हरिनाम सप्ताहात एकादशीच्या फराळातून शेकडो माणसांना विषबाधा झाली. त्यांना बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात आणलं तेव्हा आत मावेनात, म्हणून बाहेर उघड्यावर दोर बांधून त्यांना सलाईनच्या बाटल्या टांगल्या. ते फोटो देशभर गेले. उलट्या-जुलाबांनी शरीरातलं पाणी आणि मीठ गेलं होतं, तेच बाटलीतून परत दिलं. पण त्यानंतरही थकलेला माणूस दोन भाकरी खाऊन येतो आणि सलाईन मागतो. पाणी-मीठ गेलेलं नाही, तर बाटली काय भरून काढणार? क्यू-टेनचंही हेच. ज्याच्यात तो कमी आहे, त्याला कॅप्सूल दिली तर काही तरी होईल.

तसे पुरावेही आहेत, आणि ते याच दिशेचे आहेत. २०१४मध्ये छापून आलेल्या क्यू-सिम्बिओ नावाच्या चाचणीत हृदय कमकुवत झालेले ४२० पेशंट होते. नेहमीच्या औषधांसोबत निम्म्यांना रोज तीनदा शंभर मिलिग्रॅम क्यू-टेन दिला, निम्म्यांना पोकळ कॅप्सूल. दोन वर्षांत हृदयाची मोठी दुखणी कॅप्सूलवाल्यांत १५ टक्क्यांना झाली, दुसऱ्यांत २६ टक्क्यांना. चाचणी लहान आहे, पण दुर्लक्ष करावं अशी नाही. त्याच वर्षी पार्किन्सनच्या सहाशे पेशंटवरच्या चाचणीचा निकाल आला. रोज १२०० आणि २४०० मिलिग्रॅम देऊनही फरक शून्य. ती अर्ध्यातच थांबवली होती. एकाच पदार्थाची एकाच वर्षातली ही दोन उत्तरं आहेत. मला भेटणाऱ्या विक्रेत्यांच्या फोल्डरमध्ये पहिलंच असतं.

घ्यायचीच ठरली, डॉक्टरांनी लिहिली किंवा पोराने पाठवलीच, तर कोणती घ्यावी यावर मी जास्त वेळ बोलतो, कारण तिथे माझं शिक्षण कामी येतं. हा पदार्थ तेलात विरघळतो, पाण्यात नाही. कोरड्या पावडरीच्या गोळीपेक्षा तेलातली सॉफ्टजेल बरी. एकदा एक्स्पायरी झालेली सॉफ्टजेल मी ब्लेडने कापून गुरुजींना दाखवली. आतून हळद-तिखटाच्या फोडणीच्या रंगाचं दाट तेल बोटाला लागलं आणि कागदावर पसरलं. कोरड्या गोळीचा चुरा पाण्याच्या ग्लासात तसाच तरंगत राहिला. गुरुजींनी एवढंच विचारलं, 'म्हणजे उपासाच्या दिवशी घ्यायची नाही?' बरोबर. जेवणासोबत, भाजीत तेल असेल त्या जेवणासोबत. तीनशे मिलिग्रॅम एकदम गिळण्यापेक्षा दोन-तीन वेळांत विभागून. आणि परिणाम पाहायचा असेल तर बरेच आठवडे रोज. चार दिवसांत 'ताकद आली' म्हणणाऱ्याला ती दुसरीकडूनच आलेली असते.

डब्यांवर दोन नावं दिसतात, युबिक्विनोन आणि युबिक्विनॉल. दुसरं महाग. ते इलेक्ट्रॉन घेऊन तयार असलेलं रूप आहे, रक्तात थोडं सोपं चढतं असं काही अभ्यास सांगतात. पण शरीर या दोन्हींची अदलाबदल स्वतःच करत असतं. रांगेतलं कामच ते आहे. शिवाय हृदयाच्या त्या चाचणीत साधं, स्वस्त युबिक्विनोनच वापरलं होतं. दुप्पट पैसे देणाऱ्याला मी एवढं ऐकवतो, पुढे त्याची मर्जी.

रक्त पातळ ठेवायला वॉरफेरिनसारखी गोळी घेणाऱ्याला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही कॅप्सूल मी देत नाही. क्यू-टेनची रचना व्हिटॅमिन केच्या जवळची आहे, गोळीचा असर कमी होऊ शकतो. हृदयाची झडप बदललेल्या माणसाला ते परवडणारं नाही.

आणि एक अडचण कुठल्याच फोल्डरमध्ये नसते. गळ्यात तुळशीची माळ घातलेले एक बाबा आले, मुंबईच्या नातवाने पाठवलेली स्ट्रिप घेऊन. चमकदार, लालसर, मऊ कॅप्सूल. मी पाकिटावरची खूण पाहिली, तपकिरी. सॉफ्टजेलचं वेष्टण बहुतेकदा जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून होतं. सांगू की नको, असं क्षणभर वाटलं. चिठ्ठी डॉक्टरांची होती, हृदयाची. सांगितलं. बाबांनी स्ट्रिप काउंटरवर ठेवली, हात धुतले. 'माउली, बरं केलं सांगितलं.' हिरव्या खुणेची, वनस्पतीजन्य वेष्टणाची कॅप्सूल मिळते, पण तेलातली आणि हिरव्या खुणेची दोन्ही एकत्र शोधायला मला जालन्याच्या स्टॉकिस्टला बरेच फोन करावे लागले. डॉक्टरांनाही कळवलं, ते हो म्हणाले. वारीच्या आणि सप्ताहाच्या या मुलखात ही गोष्ट पाकिटावर मोठ्या अक्षरांत हवी, असं मला वाटतं.

अलीकडे बाजारात नुसता क्यू-टेन कमी आणि 'क्यू-टेन प्लस' जास्त. त्यातलं एक प्लस म्हणजे सेलेनियम. त्यालाही आधार आहे. स्वीडनमधल्या किंडा नावाच्या ग्रामीण भागात ७० ते ८८ वयाच्या ४४३ म्हाताऱ्यांना चार वर्षं क्यू-टेन आणि सेलेनियम एकत्र दिलं किंवा पोकळ गोळी दिली. पुढच्या काळात हृदयाच्या दुखण्याने मरणाऱ्यांचं प्रमाण पोकळ गोळीवाल्यांत १२.६ टक्के आलं आणि दुसऱ्यांत ५.९. 'हेल्दी एजिंग'वाले सगळे याच अभ्यासाचं नाव घेतात. स्वीडनच्या मातीत सेलेनियम फार थोडं, म्हणून माणसांतही थोडं, हे सांगायचं मात्र राहून जातं.

आता आमचा बुलढाणा जिल्हा घ्या. २०२४ सरता सरता आणि २०२५च्या जानेवारीत घाटाखाली शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, काळवड, कठोरा या गावांत माणसांचे केस हातात यायला लागले. तीन-चार दिवसांत टक्कल. आधी पाण्यावर संशय गेला, मग बुरशीवर. विंचूदंशाच्या उपचारासाठी प्रसिद्ध असलेले, मूळचे शेजारच्या जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर तिथे गेले, रक्त, लघवी, केस, गहू तपासून घेतले. रेशनवर आलेल्या गव्हात आणि पेशंटच्या शरीरात सेलेनियम भलतंच वाढलेलं असल्याचं त्यांनी मांडलं. सेलेनियम जास्त झालं की केस आणि नखं जातात, हे जुनं ज्ञान आहे. अमेरिकेत २००८ साली एका द्रवरूप सप्लिमेंटमध्ये ते लिहिल्यापेक्षा दोनशे पट पडलं होतं, तिथेही दोनशेवर लोकांना हाच त्रास झाला. कॅप्सूलमधलं सेलेनियम तेवढं नसतं, ते मला कळतं. पण स्वीडनच्या कमतरतेवरचा उतारा बुलढाणा जिल्ह्यातल्या म्हाताऱ्याला, त्याच्या ताटात काय आहे ते न विचारता, रोज का द्यायचा?

हे मी औषध कंपनीच्या एका विक्रेत्याला, एमआरला, विचारलं. पोरगा चांगला, नागपूरचा, बोंडगावची बातमी त्याने टीव्हीवर पाहिली होती. दोन्हींचा संबंध त्याला कुणी सांगितला नव्हता. 'पण सर, प्लसवर दहाला दोन फ्री आहे या महिन्यात,' तो म्हणाला. नुसत्या क्यू-टेनवर काय आहे, विचारलं. त्याने फोल्डर चाळलं. 'त्याच्यावर काहीच नाही, सर.' तीच लिहून घे म्हटलं, आणि हिरव्या खुणेची असेल तरच.